उरलेल्या रात्रींचे पैसे

"दिसतोय का?" मी विचारलं.

"थांब जरा. टाचा वर करते," अक्का म्हणाली.

माझी थोरली बहीण संडासात पालथ्या बादलीवर उभी राहून भिंतीतल्या झरोक्यातून समुद्र शोधत होती आणि मी खाली तिची कंबर धरून उभी होते. खोलीचं नाव 'समुद्रदर्शन'. दारावर तसं हिरव्या रंगात लिहिलेलंही होतं. आल्याआल्या मी हौसेनं खिडकी उघडली, तर समोर शेजारच्या गोठ्याची भिंत आणि तिच्यावर थापलेल्या गोवऱ्या. समुद्र कुठे आहे असं विचारायला बाहेर गेले. घरमालक तात्या पायरीवर बसून सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "दिसतो की. संडासाच्या झरोक्यातून दिसतो. भरतीच्या वेळी तर फार छान."

"दिसला," अक्का वरून म्हणाली. "एवढासा. पण आहे."

तिला खाली उतरवताना तिचा हात भिंतीला टेकला आणि बोटांना काहीतरी पिवळं, चिकट लागून आलं. ते काय असेल याचा विचार आम्ही दोघींनीही केला नाही. हात धुवायला साबण होता, पण त्याच्यावर कुणाचा तरी कुरळा केस रुतून बसला होता. शेवटी प्रवासातल्या बाटलीतलं पाणी ओतून मी तिचा हात माझ्या रुमालाला पुसला आणि तो रुमाल टाकून दिला.

या गोष्टीला वीसेक वर्षं झाली. अक्कालाही जाऊन आता बराच काळ लोटला, म्हणून सांगायला हरकत नाही. कोकणातल्या त्या गावाचं नाव मात्र मी सांगणार नाही, कारण तिथे भली माणसंही राहत असतील. तात्यांचं आडनावही सांगणार नाही. ते आमच्यातलंच होतं, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला होता.

भाऊजी गेल्यापासून अक्का मिरजेच्या घराबाहेर पडलीच नव्हती म्हटलं तरी चालेल. देवळात जायची, भाजी आणायची, बस्स. दोन वर्षांनी एक दिवस मला फोनवर म्हणाली, "शुभे, मला समुद्रावर जाऊन राहायचंय. चार दिवस. कुणाच्या घरी पाहुणी म्हणून नाही. पैसे भरून." तिच्या पेन्शनमधून तिने थोडे थोडे बाजूला काढले होते. तिचा मुलगा हेमंत स्वभावाने वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. तो म्हणाला, "आई, तुला व्यवहारातलं काय कळतं? बुडवतील तुला कुणीतरी." ते शब्द अक्काला फार लागले. पैसे खरंच बुडाले असते तर हेमंतने तोंडातून अक्षर काढलं नसतं, नुसता हसला असता. आणि तो एकदा हसला असता की अक्का पुन्हा स्वतःहून पिशवी भरून कुठेही निघाली नसती. हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

खोली ठरवायचं काम मी अंगावर घेतलं. कुणाच्या तरी मुंजीत तात्यांचा नंबर मिळाला होता. मी फोन केला आणि भाडं विचारलं, तर पलीकडून प्रश्न आला, "गोत्र कुठलं म्हणायचं तुमचं?" मी माहेरचंही सांगितलं आणि सासरचंही. मग कुलदैवत झालं, मूळ गाव झालं, आमच्या एका चुलत आजोबांची ओळख निघाली. तात्यांचा आवाज विरघळला. "म्हणजे आपल्यातलेच की! मग चिंता सोडा. घरगुती व्यवस्था, घरगुती जेवण. पैसे तेवढे आधी भरून ठेवा, सगळे. म्हणजे तुम्हाला आल्यावर पाकिटात हात घालायला नको." ज्याला गोत्र सांगून झालं त्याला, खोली कशी आहे, आवडली नाही तर पैसे परत मिळतील का, असलं काही कोण विचारणार? मी विचारलं नाही. चार रात्रींचे सगळे पैसे अक्काने बँकेतून पाठवून दिले.

तर अशी ती घरगुती व्यवस्था. चादर ओढली तर खाली दुसरी चादर निघाली आणि त्या दोघींच्या मध्ये कुणीतरी कापलेली नखं. उशीच्या अभ्र्यावर तेलाचा असा काळपट गोल, की अगोदर झोपून गेलेल्या सगळ्यांची डोकी तिथे हजर असावीत. आरशावर कुणाकुणाच्या टिकल्या. मी माझं लुगडं अंथरलं, अक्काची शाल उशीला गुंडाळली. अक्का सारखी एकच वाक्य म्हणत होती, "असू दे गं. झोपायलाच तर आहे." संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन आलो तेव्हा तिचा चेहरा इतका उजळला होता, की मीही माझं तोंड आवरलं.

पाण्याला वास येतोय हे मात्र पहिल्या रात्रीच माझ्या लक्षात आलं. तात्यांना सांगितलं तर म्हणाले, "विहिरीचं पाणी आहे हो. तुम्हा शहरातल्या माणसांना औषध मारलेल्या पाण्याची सवय."

मिरज काही लंडन नाही. जेवायला माई वाढत होत्या. माई म्हणजे तात्यांच्या पत्नी, गोऱ्यापान, तोंडाने गोड, नाकात मोत्याची नथ. आमटीला तोच वास होता. "अगो, घ्या ना आणखी," करत त्यांनी अक्काच्या पानात वाढलंही. भिडेखातर अक्काने ते संपवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अक्काला तीनदा उलटी झाली. मी तिला झोपवलं आणि बाहेरच्या जिन्याने तडक गच्चीवर गेले. टाकीला झाकण नव्हतं. एक प्लायवूडचा तुकडा अर्धवट सरकवून ठेवला होता. तो बाजूला केला आणि मी जे पाहिलं ते आजही जेवताना आठवलं तर घास खाली जात नाही. पाण्यावर घूस तरंगत होती. पोट फुगलेलं, अंगावरचे केस झडून पाण्यात पसरलेले. त्याच पाण्याने आम्ही आंघोळ केली होती. त्यानेच चुळा भरल्या होत्या. कठड्याला धरून मी तिथेच ओकले.

हाक मारली तसे तात्या वर आले. आत डोकावले. तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात गेली. त्यांनी नारळाच्या झावळीचा एक दांडा आणला, त्याने ती घूस उचलली आणि गच्चीवरूनच गोठ्यामागे भिरकावली.

"झालं," ते म्हणाले. "गेली घाण."

"टाकी रिकामी करून धुवा ना, तात्या."

"आता कशाला? वस्तूच राहिली नाही आत." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांना काहीतरी सुचलं. खाली गेले आणि देवघरातून गंगेचा सीलबंद गडू घेऊन आले. माझ्यासमोर त्याचं झाकण उचकटलं आणि चार थेंब टाकीत सोडले. हात जोडले. "घ्या. आता तर शुद्धच झालं."

मी माईंकडे गेले. स्वयंपाकालाही हेच पाणी का, असं विचारलं. माई शांतपणे म्हणाल्या, "स्वयंपाकाचं उकळतं की हो. उकळल्यावर काय उरतंय त्यात?"

त्या रात्री आम्ही बाजारातून केळी आणि बिस्किटं आणून खाल्ली. सकाळी निघायचं ठरलं. मी तर चारही रात्रींचे पैसे मागायच्या तयारीत होते, शिवाय औषधाचे वेगळे. अक्का आडवी पडून होती, आवाज खोल गेला होता, तरी म्हणाली, "नको. दोन रात्री राहिलो, त्याचे त्यांना असू देत. उरलेल्या दोन रात्रींचे आपले. तेवढे न्यायाचे."

"न्यायाचे? अगं, घुशीचं पाणी पाजलं त्यांनी तुला."

"ते वेगळं," ती म्हणाली. "मला भांडण जिंकायचं नाहीये. पैसे बुडाले नाहीत एवढं हेमंतला दिसलं की झालं."

मी तात्यांना जाऊन सांगितलं, सकाळी निघतोय, उरलेल्या दोन रात्रींचे पैसे द्या. ते हसले. "बघू की. निघताना बघू. मी कुठे पळून जातोय का?" म्हटलं, बरं. तेव्हा मला त्या 'निघताना'चा अर्थ कळला नाही.

सकाळी रिक्षा दारात येऊन उभी राहिली. मी पिशव्या उचलल्या तेवढ्यात माई आतून आल्या. "अगो, अशा कशा निघालात? देवाला नमस्कार करून जा." गेलो. माजघरात पाट मांडलेला, भोवती रांगोळीची रेघ, बाजूला तबक. मी देवाला वाकून उठते न उठते तोच माईंनी माझा दंड धरून मला पाटावर बसवलं, कपाळाला हळदकुंकू लावलं आणि म्हणाल्या, "पदर पुढे करा."

पुढे केला. काय करणार? कुणी सवाष्णीने पदर पुढे कर म्हटल्यावर हात आपोआप पुढे जातात, डोकं मागाहून पोहोचतं. नारळ, तांदूळ, सुपारी, खण, सगळं माझ्या पदरात पडलं. नारळ हातात आला आणि मी अडकले. ज्या घरात ओटी घेतली त्या घराशी भांडायचं नसतं, हे आमच्या हाडीमांसी भिनलेलं आहे. आईने कधी शब्दांत सांगितलं नव्हतं, सांगायची गरजच नव्हती.

आणि अक्का? मी मान वळवून पाहिलं. कुणी काही म्हणायच्या आत ती स्वतःच दोन पावलं मागे सरून दाराच्या चौकटीपाशी जाऊन उभी होती. भाऊजी गेल्यापासून ती हे प्रत्येक समारंभात करायची, दुसऱ्यांना अवघड व्हायला नको म्हणून. तरीही माईंनी तबक उचलताना तिच्याकडे बघून हाताने जराशी खूण केलीच, आणखी थोडं मागे.

तात्या झोपाळ्यावर बसून हे सगळं बघत होते. मी उठले, पदर सावरला आणि कसंबसं म्हणाले, "तात्या, ते पैशांचं..."

"कसले पैसे?" ते म्हणाले. आवाजात नुसतं लोणी. "अहो शुभदाताई, आता ओटी भरली ना तुमची? या घरच्या लेकी झालात. घरच्यांशी हिशेब कसला? कमीजास्त झालं असेल तर पोटात घालायचं. पुन्हा या, हक्काने या. आंब्याच्या दिवसांत या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला सगळं एकदम कळलं. माणूस किती वर्षं हे करत असेल! गिऱ्हाईक कुरकुरलं की माईंनी तबक घेऊन यायचं, आणि नारळ पदरात पडला की बाई मूग गिळून रिक्षात बसायची. देवघराच्या समोर, रांगोळीच्या आत. मला इतकी किळस आली की गच्चीवरच्या त्या टाकीत डोकावताना आली होती तीसुद्धा कमीच म्हणायची. पण तो नारळ मी दोन्ही हातांनी धरून उभी होते.

"तात्या," दाराकडून आवाज आला.

अक्का चौकटीतून पुढे आली होती. चेहरा पांढराफटक, ओठ कोरडे, आवाज मात्र शाळेत मुलांना प्रश्न विचारावा तसा सरळ.

"माझी ओटी भरली नाहीत ना तुम्ही?"

माई गडबडल्या. "अहो, तुमची... म्हणजे तुमची कशी..."

"नाही, बरोबर आहे तुमचं. रीत आहे ती. मी फक्त विचारतेय. भरली नाहीत ना?"

"नाही," तात्या म्हणाले.

"मग मी या घरची झाले नाही," अक्का म्हणाली. "शुभदा झाली. तिच्याशी हिशेब करू नका. मी गिऱ्हाईकच राहिले. आणि पैसे माझ्या खात्यातून आलेत, माझ्या पेन्शनचे. उरलेल्या दोन रात्रींचे माझे मला परत द्या."

झोपाळ्याची कडी करकरली. तात्यांनी तो थांबवला.

"असं कसं म्हणता? तुम्ही सख्ख्या बहिणी. आणि बघा, तुमच्यासाठी मी दुसरी दोन बिऱ्हाडं परत पाठवली. खोली रिकामी राहणार माझी."

"खोली रिकामीच राहू दे जरा. टाकी धुवायला वेळ मिळेल. राहिलो त्या दोन रात्रींचे मी तुमच्याकडे सोडलेतच. नाहीतर शुभदा सगळेच मागत होती."

"आपल्यातल्या माणसांनी असं बोलावं म्हणजे..."

"आपल्यातलं कोण?" अक्काने विचारलं. "पाट मांडलात तेव्हा तुम्हीच ठरवलंत की कोण आतलं, कोण बाहेरचं. मी काही बोलले का? मी आपली बाहेर जाऊन उभी राहिले. आता पैशांसाठी मला आत ओढू नका."

तात्यांनी माईंकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. आणि माईंना कळलं. पुढे जे झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं नसतं तर माझा विश्वास बसला नसता. त्या लगबगीने कोनाड्याकडे गेल्या, दुसरा नारळ काढला, फडताळातून एक खण ओढला, आणि तोंडभर हसत म्हणाल्या, "अगो बाई, एवढंच ना? या ना मग, या पाटावर. हल्ली कोण मानतंय ते सगळं? मी तर मुळीच मानत नाही. या, तुमचीही भरते." मग तबकाकडे हात जाता जाता थबकला. "हळदकुंकू नको फक्त. नुसती ओटी भरते."

दोन वर्षांत अक्काला कुणी पाटावर या म्हटलं नव्हतं. सख्ख्या नणंदांनी नाही, सुनेच्या माहेरच्यांनी नाही. हेमंतच्या मुलीच्या बारशाला ती स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसली होती आणि आम्ही सगळ्यांनी तिला बसू दिलं होतं. ते जे कुणी दिलं नव्हतं ते आता ही बाई द्यायला निघाली होती, दोन रात्रींचं भाडं वाचवायला. तेही हळदकुंकू वगळून. मला माईंच्या हातातला तो नारळ हिसकावून घ्यावासा वाटला.

अक्काने नारळाकडे पाहिलं. तिचा उजवा हात जरासा उचलला गेला, पदराच्या टोकापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. माई दोन्ही हात पुढे करून उभ्या होत्या. क्षणभर मला भीती वाटली की ही आता पाटावर बसणार.

"नको, माई," अक्का म्हणाली. हात खाली आला. "ही ओटी मला फार महाग पडेल. पैसे द्या."

तात्या उठले. आत गेले, कपाट उघडल्याचा आवाज झाला, बराच वेळ गेला. बाहेर आले आणि नोटा अक्काच्या हातात न देता पाटावर टाकल्या. अक्का वाकून त्या उचलायला लागली तशी मी पुढे झाले, पण तिने मला हाताने थांबवलं आणि स्वतःच उचलल्या.

"मोजून घ्या," तात्या तुटकपणे म्हणाले. "नंतर कुरकुर नको."

"अहो, मोजायचे काय त्यात? आपल्यातलेच तुम्ही," अक्का म्हणाली, आणि बोट ओलं करून सगळ्या नोटा एकेक करून मोजल्या. बरोबर भरल्या. पर्समध्ये ठेवल्या, माईंना "येते" म्हणाली आणि माझ्याआधी रिक्षात जाऊन बसली.

रिक्षा वळणावर आली तेव्हा मी म्हटलं, "अक्का, कमाल केलीस. आता हेमंतसमोर टाक आणि म्हण, हे घे, बुडाले नाहीत."

"हेमंतला कशाला दाखवू?" ती म्हणाली. पुढे वाकून तिने रिक्षावाल्याला विचारलं, "दादा, दोन रात्री राहायला कुठे चांगली खोली मिळेल? आधी टाकी दाखवणारे असले तरच."

तो हसला. "खाडीपलीकडं आहेत एक बाई. नेतो. पण त्या तुमच्यातल्या नव्हंत."

"तिथेच न्या," अक्का म्हणाली.

माझ्या मांडीवर तो नारळ होता. रस्त्याच्या कडेला भिरकावून द्यावासा वाटत होता, पण तेही होईना. अक्का बाहेर बघत बसली होती. डाव्या हाताला नारळीची झाडं आणि त्यांच्यामधून समुद्र, भरपूर, पण तिचं लक्ष नव्हतं. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली,

"शुभे, माईंनी पाटावर बोलावलं ना, तेव्हा माझा हात पदराकडे गेला होता गं. खरंच गेला होता. तू पाहिलंस का?"

"नाही," मी म्हणाले. "मी तात्यांकडे बघत होते."